घाण्यातलं अकरावं हरीण

तुम्ही रानाच्या तोंडाशी एक लोखंडी पेटी ठेवलीत, दोरीला पेन्सिल बांधलीत आणि घरी निघून गेलात. हा तुमच्यावरचा, तुमच्या वन्यजीव खात्यावरचा आरोप आहे, साहेब, आणि तो तोंडावर करायचा आहे. पेटीवर लिहिलंत, 'हरणाचं मुंडकं इथे टाका, तपासणीचा निकाल कळवू.' कधी कळवू, ते लिहिलं नाहीत. तोवर माणसांनी काय करायचं, फ्रीझरसमोर खुर्ची टाकून राखण करत बसायचं की काय, तेही लिहिलं नाहीत. तुमच्या पत्राखाली सही नसते, फोनवरचा आवाज नाव सांगत नाही, खुर्चीवर नाव नसतं. म्हणून ही गोष्ट नोरीन व्हावराच्या नावाने सांगावी लागते. नोरीनची चूक ह्यात झाकायची नाही. पण तिच्या पदराआड तुम्हालाही लपू द्यायचं नाही.

नोरीन सत्तेचाळीस वर्षांची. गावच्या शाळेतल्या स्वयंपाकघराची मुख्य. बावीस वर्षं तिने व्हावरांच्या घरात संसार केला. व्हावरांची दोनशे एकर जमीन, टेकडीपासून ओढ्यापर्यंत. दर नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू झाला की नऊ दिवस घरातले सगळे पुरुष नारिंगी जाकिटं चढवून रानात, आणि नोरीन चुलीशी. त्यांनी मारून आणायचं, हिने कापायचं, कागदात गुंडाळायचं, वर नावं घालायची. एकदा ती म्हणाली होती, "मी पण येऊ का एक दिवस?" त्यावर सासरे म्हणाले, "तू आलीस तर हरणांना कांद्याचा वास येईल." सगळे पोट धरधरून हसले. नोरीनही हसली. हसण्यावाचून काय करणार?

मग घटस्फोट झाला. नवऱ्याकडे जमीन राहिली, तिच्याकडे मोठा फ्रीझर आला, रिकामा. त्याच्या घरघरीने तिला झोप लागेना. भरलेला फ्रीझर गप्प असतो, रिकामा बोलतो.

जमीन नाही, म्हणजे उरलं सरकारी रान. नदीकाठचं अकराशे एकर, कुणीही जावं असं. गावात त्याला कुणी किंमत देत नसे. "सरकारी रानात जातो कोण? ज्याला जमीन नाही, आणि जमीनवाला सोयराही नाही." हे वाक्य नोरीनने व्हावरांच्या टेबलावर शंभरदा ऐकलं होतं. स्वतःच कॉफी ओतत ऐकलं होतं.

तिच्या नव्या भाड्याच्या घरासमोर रस्त्यापलीकडे आर्विड स्टेन्सलीन राहायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर, जन्मभर दुधाची टँकरगाडी चालवलेला. त्याने आयुष्यात एकही हरीण कुणाच्या खासगी जमिनीवर मारलं नव्हतं. आता त्याचा खुब्याचा सांधा बदलला होता, रानात जाणं बंद होतं. नोरीनने लाजत लाजत विचारलं तेव्हा त्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"बंदूक शेवटी शिकायची," तो म्हणाला. "आधी चालायला शीक. तू स्वयंपाकघरात चालतेस तशी रानात चालशील, धाडधाड."

"मग कशी चालू? नवरीसारखी?"

"चोरासारखी. चार पावलं टाकायची, उभं राहायचं, ऐकायचं. आपण तिथे पाहुणे नसतो पोरी, आपण चोरच असतो. रानाला ते ठाऊक असतं."

सप्टेंबरभर त्याने तिला नकाशा शिकवला. "गाडी लावतात ना, तिथून अर्ध्या मैलाच्या आत सगळे बसतात. माणसाचे पाय आळशी असतात, आणि हरणांना ते माणसापेक्षा जास्त कळतं. तू ओढा ओलांड. भिजशील. भीज." परवान्याआधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो, तोही तिने केला. बारा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये एकटी बाई. शिकवणारा म्हणाला, "नातवाला सोडायला आलात का?" ती म्हणाली, "नाही, नातवाला मागे टाकायला." पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. एक प्रश्न चुकला, त्याबद्दल आर्विडने तिला आठवडाभर छळलं.

नदीकाठी तिने ओकची झाडं हेरली. खाली पडलेली फळं खायला हरणं कुठून येतात, वारा कुठून वाहतो, सगळं वहीत टिपून ठेवलं. आर्विडने त्याची जुनी बंदूक दिली. पस्तीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या हाती न दिलेली. देताना नळी उघडून, आत गोळी राहिली नाही ना, ते दोनदा पाहिलं, तिला दोनदा पाहायला लावली.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेनऊला, ती ओढ्यापलीकडे एका उलट्या बादलीवर बसलेली असताना ती मादी आली. एकटीच. झाडाखाली थांबली, मान जराशी खाली घातली. नोरीनने बंदुकीचा घोडा अंगठ्याने मागे ओढला, त्याचा खट्ट आवाज तिच्या स्वतःच्या कानात तोफेसारखा घुमला. मादीने कानही टवकारला नाही. उभीच राहिली. नोरीनला वाटलं, हेच ते नशीब म्हणतात ते.

बार झाला. मादी चाळीस पावलं गेली आणि कोसळली.

आपण रडू असं नोरीनला वाटलं होतं. रडली नाही. तिला कडकडून भूक लागली, आणि त्या भुकेची लाज वाटली. मग तिने बाह्या वर केल्या आणि पोट फाडून आतडी काढली, एकही चीर चुकीची न जाऊ देता. बावीस वर्षांचा हात होता. ओढ्याशी दोन अनोळखी शिकारी भेटले, त्यांनी न विचारताच तिच्या प्लॅस्टिकच्या घसरगाडीला हात लावला.

"पहिलं?"

"पहिलं."

"शिंगं नाहीत म्हणून तोंड पाडू नका बाई. शिंगं कुणी शिजवत नाही."

आर्विड काठी टेकत अंगणात आला. मादीभोवती एक फेरी मारली. "पळाली का?"

"नाही. उभीच राहिली."

त्याने काठीच्या टोकाने मादीचं तोंड आपल्याकडे वळवलं. त्या भागात हरणांना एक रोग आहे. हरीण आतून झिजत जातं, शेवटी मेंदू चाळणीसारखा होतो. सगळे त्याला नुसतं 'ती झीज' म्हणतात, जसं घरातल्या दारुड्याचं नाव घेत नाहीत.

"मुंडकं पेटीत टाक," आर्विड म्हणाला. "आणि कागद येईपर्यंत एक घास खायचा नाही. मी वीस वर्षं असंच करतोय."

"अहो, बघा तरी कशी धष्टपुष्ट आहे!"

"धष्टपुष्टच दिसतात. सगळं घडून गेल्यावर झिजतात. एक घास नाही, कळलं?"

"कळलं."

आणि खरंच कळलं होतं, हीच पंचाईत आहे. शाळेत दूध ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त बाहेर राहिलं तर नोरीन अख्खा कॅन मोरीत ओतायची. हाताखालच्या बायका कुरकुरायच्या, ही ऐकायची नाही. नियम काय असतो आणि कशासाठी असतो, हे ह्या बाईला शिकवावं लागत नव्हतं. तिने मुंडकं पेटीत टाकलं, दोरीच्या पेन्सिलीने फॉर्म भरला, नंबराची चिठ्ठी पाकिटात ठेवली. इथवर सगळं बरोबर.

मंगळवारी ती मांसाचे तुकडे घेऊन लॅम्बर्ट कोलारच्या दुकानात गेली. लॅम्बर्ट खाटीक, त्याच्या धुरावलेल्या सॉसेजला सगळ्या काउंटीत मान. दुकानात गर्दी. भिंतीला लागून मोठं घमेलं, त्यात दहा हरणांचं मांस आधीच जमा झालेलं.

"तुझं वेगळं करून हवं, तर रांगेत थांब. जानेवारी उजाडेल," लॅम्बर्ट सुरी पुसत म्हणाला. "घाण्यात टाकलंस तर वीस डिसेंबरला तयार. आणखी एका हरणाचं आलं की घाणा भरतो. जेवढं टाकशील तेवढ्या वजनाचं सॉसेज परत."

"म्हणजे सगळ्यांचं एकत्र?"

"एकत्र दळतो, एकत्र भरतो. सॉसेजला कुठे आडनाव असतं? तपासायला दिलंयस?"

"पेटीत टाकलंय."

"मग झालं."

मग झालं! साहेब, हे दोन शब्द लॅम्बर्टचे नाहीत, तुमचे आहेत. तुमची पेटी पाहून माणसांना वाटतं, टाकलं म्हणजे तपासलं, आणि तपासलं म्हणजे निर्धोक.

मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर थाप मारली. ग्वेन. घटस्फोटाआधीची नणंद, व्हावरांमधली एकटी अजून बोलणारी. ग्वेनने ऑक्टोबरातच बाणाने हरीण मारलं होतं, त्याचा कागदही केव्हाच आला होता, निर्दोष. इतके दिवस गोठवून ठेवलेलं ते मांस आता ह्याच घमेल्यात होतं.

"तू मारलंस? एकटीने? सरकारी रानात?" ग्वेन सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "बाबा थडग्यात कूस बदलतील गं! कांद्याचा वास आला नाही का हरणाला?"

"आला असेल," नोरीन म्हणाली. "पण तिला आवडला."

दुकान हसलं. ह्या वेळी तिच्यावर नव्हे, तिच्याबरोबर. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या हसण्याच्या उबेत तिने पिशवी पुढे केली. आर्विडचं 'एक घास नाही' आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण आपण खातोय कुठे, सॉसेजच तर करतोय, असं मनाने सांगितलं. मन हा फुकटचा वकील असतो, आणि नेहमी जिंकतो. लॅम्बर्टने पिशवी घमेल्यात रिकामी केली, हाताने सगळं ढवळलं. आता नोरीनचं कुठलं आणि ग्वेनचं कुठलं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

नाताळच्या आदल्या दिवशी ती सॉसेज घेऊन आर्विडकडे गेली. त्या सकाळी तिने निकालासाठी फोन केला होता, यंत्र म्हणालं होतं, 'आपला नमुना प्रक्रियेत आहे.' महिना उलटून गेला होता. काही वाईट असतं तर एव्हाना कळवलं असतं, असं तिने स्वतःला पटवलं.

आर्विडने सॉसेज हातात घेतलं, वास घेतला, फळी काढली, सुरी काढली. मग थांबला. "कागद आला?"

घड्याळाचा एक ठोका पडेल एवढाच वेळ गेला असेल. शिकवलं ह्याने, बंदूक दिली ह्याने. पहिल्या शिकारीचा पहिला तुकडा ह्याच्याच तोंडात पडायला हवा, आणि तो आजच पडायला हवा.

"आला."

"काय म्हणतो?"

"स्वच्छ."

आर्विडने तुकडा कापला, खाल्ला, डोळे मिटले. "लॅम्बर्ट मोहरी जास्त घालतो," तो म्हणाला. "पण मादी चांगली होती, पोरी." मग त्याने दुसरा कापला. त्यानंतर रोज चीज आणि खारी बिस्किटांबरोबर तो ते खात राहिला आणि भेटेल त्याला सांगत राहिला की ही माझी विद्यार्थीण.

नऊ जानेवारीला दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. निरोप लेखी होता. 'आपल्या नमुन्यात रोग आढळला आहे. हा रोग माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही. तरी मांस खाऊ नये अशी शिफारस आहे. सहभागाबद्दल धन्यवाद.'

साडेसहा आठवड्यांनी. बैल गेला आणि झोपा केला.

नोरीनने तो निरोप चारदा वाचला. तिचे हात ओले होते, पुसायचं सुचलं नाही. तिने खाली दिलेला नंबर लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एका बाईचा आवाज आला.

"मांस शिल्लक आहे का? दुहेरी पिशवीत बांधून कचराभूमीवर द्या."

"ते घाण्यात मिसळलंय."

"घाण्यात म्हणजे?"

"अकरा हरणांचं एकत्र सॉसेज. अकरा घरांत गेलंय."

पलीकडे कीबोर्ड टपटपला. मग टपटप थांबली. "त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही, बाई."

"मग मी काय करू?"

"आमची शिफारस तुम्हाला पाठवलेली आहे." आणि फोन ठेवला.

शाळा सुटल्यावर ती तशीच लॅम्बर्टकडे गेली. दुकान रिकामं होतं, तो फरशी धूत होता. तिने सांगितलं. त्याने नळ बंद केला.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

"लॅम्बर्ट, दहा घरं आहेत! त्यांना सांगायला नको? नावं दे, मी जाते दारोदार."

"आणि काय सांगशील? विष आहे? ते म्हणतात विष नाही. बरं, चांगलं आहे म्हणशील? ते म्हणतात खाऊ नका. जे त्यांनाच ठाऊक नाही ते तू दारोदार वाटणार? हंगामाचे तीन महिने मी कमावतो, नऊ महिने खातो. हे बाहेर गेलं की अकरा नाही, अख्खी काउंटी पाठ फिरवेल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू घाईने टाकलंस, मी घाईने घेतलं. घास दोघांच्याही तोंडात आहे, नोरीन. गीळ."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

तिने गिळलं. स्वतःच्या वाटणीची सॉसेजं दुहेरी पिशवीत बांधून कचराभूमीवर देऊन आली. बाकी दहा घरांतली नऊ कुठली हे तिला माहीत नव्हतं, आणि हे माहीत नसणं तिला हळूहळू आवडायला लागलं, ह्याचीच तिला जास्त शरम वाटायची. माहीत असलेली दोन होती. एक आर्विड, ज्याला तिने आपल्या हाताने दिलं. दुसरी ग्वेन. रोज सकाळी ती आज सांगायचं असं ठरवून निघायची. आर्विडच्या खिडकीतला दिवा दिसला की गाडीचा वेग आपोआप वाढायचा.

फेब्रुवारीत एकदा वाण्याच्या दुकानात ग्वेन भेटली. सामानाच्या ढकलगाडीत तिची दीड वर्षाची नात कोरा बसलेली, हातात तपकिरी चकती, चोखून चोखून पांढरी झालेली.

"दात येतायत हिला," ग्वेन म्हणाली. "दुसरं काही तोंडात धरत नाही. नुसतं सॉसेज! तुझ्या हरणाचाही वाटा असेल हो त्यात. सांग, सरकारी मावशीला थँक्यू सांग."

पोरीने चकती नोरीनपुढे केली. लाळेने चमकणारी. त्या क्षणी नोरीनने ती हातातून घेऊन फेकून द्यायला हवी होती. पोर रडली असती, ग्वेनने विचारलं असतं, आणि सगळं तिथेच मोकळं झालं असतं. नोरीन म्हणाली, "थंडी फार आहे, टोपी घाल हिला." एवढं बोलून ती पाव न घेताच बाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली. काच तिच्या श्वासाने आतून धुरकटून गेली, तरी तिने गाडी सुरू केली नाही.

तरीही ती आणखी तीन आठवडे गप्प राहिली. हे लिहिलंच पाहिजे. पोरीच्या तोंडात ते पाहूनसुद्धा तीन आठवडे.

दोन मार्चला ती आर्विडच्या दारात उभी राहिली. तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून, गोठलेल्या तळ्यातून धरून आणलेले मासे साफ करत होता. "बस," तो म्हणाला. ती बसली नाही.

"कागद नाताळात आला नव्हता."

सुरी चालत राहिली. "मग केव्हा आला?"

"नऊ जानेवारीला."

"हं." आणखी एक मासा. "आणि त्यात काय आहे ते मीच सांगू का?"

"आहे. ती झीज आहे."

आर्विडने सुरी खाली ठेवली. बेसिनपाशी जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत राहिला, पाठमोरा.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे," तो म्हणाला. "ती मला पोचायच्या आधी दुसरं काहीतरी पोचेल. त्याचं काही नाही. मी विचारलं होतं, पोरी. ह्याच टेबलाशी. सरळ विचारलं होतं."

"हो."

"'अजून आला नाही' म्हणाली असतीस, तर मी ते फ्रीझरमध्ये टाकलं असतं आणि तुला कॉफी दिली असती. एवढंच झालं असतं."

नोरीनला रडायचं होतं. पण रडलो तर ह्याला आपल्याला समजवावं लागेल, आणि तेवढा हक्क आपल्याला राहिलेला नाही, हे तिला कळत होतं. ती नुसती उभी राहिली.

"बंदूक आणून दे," आर्विड म्हणाला.

ती रस्ता ओलांडून गेली, बंदूक घेऊन आली. त्याने नळी उघडून पाहिली, बोट घालून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. अनोळखी माणसाच्या हातून घ्यावी तशी. मग ती कोपऱ्यात टेकवून म्हणाला, "बाकीची घरं?"

"लॅम्बर्ट नावं देत नाही."

"गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत हरणांची बैठक आहे. तिथे नावं लागत नाहीत. बंदूकवाला झाडून प्रत्येकजण येतो."

"तुम्ही याल?"

"नाही." आणि तो पुन्हा माशांकडे वळला.

दर वर्षी मार्चमध्ये तुमचा माणूस येतो, पडद्यावर आकडे दाखवतो, पुढच्या हंगामात किती हरणं मारायची त्यावर लोकांचे हात मोजतो. त्या गुरुवारीही आला. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. कॉफीचं पिंप नोरीननेच मांडलं होतं, खुर्च्याही तिनेच लावल्या होत्या. दीडशे माणसं. तिसऱ्या रांगेत ग्वेन, मागे भिंतीला टेकून लॅम्बर्ट. नोरीनला वाटत होतं, प्रत्येकजण तिच्याचकडे पाहतोय. पाहत कुणीच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

"नागरिकांचे प्रश्न," तुमचा माणूस म्हणाला. "प्रत्येकाला दोन मिनिटं."

नोरीन उठली. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी नोरीन व्हावरा. नोव्हेंबरात मी नदीकाठच्या सरकारी रानात एक मादी मारली. ती रोगी निघाली. निकाल यायच्या आधीच मी तिचं मांस लॅम्बर्टच्या घाण्यात टाकलं होतं. वीस डिसेंबरला जे सॉसेज तयार झालं, त्या घाण्यात. ज्यांच्याकडे ते असेल, त्यांनी ते खाऊ नका."

एका खुर्चीचा पाय करकरला.

"नोरीन, बस खाली," मागून लॅम्बर्ट म्हणाला. ओरडून नाही, विनवणीच्या सुरात.

"मार्च चालू आहे!" कुणीतरी उठलं. "सॉसेज राहिलंय कुठे आता?"

"सरकारी रानातलं हरीण, दुसरं काय होणार!" हा नवऱ्याचा चुलतभाऊ. पण ह्या वेळी कुणी हसलं नाही.

"मला नऊ जानेवारीला कळलं होतं," नोरीन म्हणाली. "दोन महिने मी गप्प बसले. भीतीने बसले. ज्याने मला शिकवलं त्याला मी तोंडावर खोटं सांगून ते खायला घातलं. त्यासाठी लॅम्बर्टला दोष देऊ नका, त्याने फक्त घाई केली. खोटं मी बोलले. हे माझं आहे, ते मी कुणाच्या गळ्यात घालत नाही."

तिसऱ्या रांगेत ग्वेन उभी राहिली होती. चेहरा कागदासारखा.

"कोरा रोज खाते ते," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण व्यायामशाळेत ते सगळीकडे ऐकू गेलं. "तू पाहिलंयस तिला खाताना. दुकानात. तू पाहिलंस, नोरीन."

"पाहिलं."

"तिला काही होईल का?"

शाळेतल्या शेकडो पोरांना जेवू घालणारी बाई, प्रत्येक डब्यावरची तारीख वाचणारी. ती तुमच्या माणसाकडे वळली.

तुमचा माणूस म्हणाला, "हा रोग माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही. तरीही खबरदारी म्हणून—"

"ते वाचलंय मी. चारदा. ती ते विचारत नाहीये."

"बाई, तुमची दोन मिनिटं—"

"माझी दोन मिनिटं संपली, मान्य. तुमचे साडेसहा आठवडे संपले त्याचं काय? नोव्हेंबरात मुंडकं घेतलंत, जानेवारीत उत्तर दिलंत, आणि मधल्या काळात अख्खी काउंटी सॉसेज करून खाऊन मोकळी होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं? दर वर्षी इथे येऊन आमचे हात मोजता, आणि हे माहीत नव्हतं?"

"लेखी सूचना दिल्यात तर आम्ही नक्कीच—"

"मी खोटं बोलले, कारण मला खरं सांगायची लाज वाटली. तुम्हाला काय अडचण आहे?" तिचा आवाज चिरकला, तरी तिने खुर्ची सोडली नाही. "निर्धोक असेल तर तसं म्हणा. नसेल तर तसं म्हणा. ठाऊक नसेल, तर 'आम्हाला ठाऊक नाही' एवढं तरी ह्या दीडशे माणसांसमोर म्हणा. एक आजी तिथे उभी आहे. नातीने काय खाल्लं ते तिला आत्ता कळलंय. आज घरी जाऊन तिने काय करायचं? मला विचारू नका, मी खोटारडी आहे. तुम्ही सांगा. शिफारस नको. उत्तर द्या."